क्लब कोणाचा? ब्लॅकबर्न, पुणे आणि फुटबॉलमधला परका पैसा

इंग्लंडच्या लँकाशायरमध्ये ब्लॅकबर्न नावाचं जुनं गिरणगाव आहे. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब १८७५ सालचा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी तो एक. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकीज समूहाने सुमारे २.३ कोटी पौंडांना विकत घेतला. तेव्हाच्या दराने ही रक्कम दीडशे कोटी रुपयांच्या वर जाते. आपल्याला हा समूह माहीत आहे तो कोंबड्या आणि अंड्यांमुळे. ब्लॅकबर्नच्या माणसाला मात्र पुणे माहीत आहे ते वेगळ्या कारणाने: त्याच्या क्लबात प्रशिक्षक कोण असावा, कोणता खेळाडू विकावा, पैसा किती घालावा, हे ज्या लांबच्या शहरात ठरतं ते शहर म्हणून.

युरोपच्या फुटबॉलमधल्या परदेशी धनाढ्यांचा विषय निघाला की आपण अबूधाबी, कतार, सौदी अरेबियाबद्दल बोलतो. फार तर अमेरिकेबद्दल. या वादात आपलं शहरही मालकाच्या खुर्चीत बसलेलं आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात नसतं. आणि याच पुण्याने २०१५ ते २०१९ या काळात आपले चार व्यावसायिक क्लब गमावले. त्या चारही क्लबांचे मालक देशी होते. म्हणून हा वाद दोन्ही अंगांनी समजून घ्यायला पुण्याइतकी चांगली जागा नाही, असं मला वाटतं. माझं मत आधीच सांगतो. मालकाचा पासपोर्ट कुठला, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणाला उत्तर द्यायला बांधील आहे आणि तो निघून गेला तर मागे काय उरतं, हे आधी विचारलं पाहिजे.

क्लब विकत घेणं म्हणजे काय?

इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लब शंभराहून अधिक वर्षांपासून कंपन्या आहेत. कंपनीचे समभाग असतात आणि ते विकत घेता येतात. पूर्वी हे समभाग गावातल्याच कोणा गिरणीमालकाकडे, व्यापाऱ्याकडे असायचे. ब्लॅकबर्नचा जॅक वॉकर हा त्या परंपरेतला शेवटच्या मोठ्या लोकांपैकी एक. पोलादाच्या धंद्यात कमावलेला पैसा त्याने आपल्या गावच्या क्लबात ओतला. केनी डॅलग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, ॲलन शिअररला घेतलं आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या लीगचा, विजेता झाला. पैशाच्या जोरावर विजेतेपद आणण्याची पद्धत अरबांनी किंवा रशियनांनी शोधून काढली, असं कोणी म्हणालं तर त्याला वॉकरचं उदाहरण द्यावं. तो पैसा ब्लॅकबर्नचा होता, एवढाच फरक.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली आणि टीव्ही हक्कांचा पैसा वाढत गेला. सामने जगभर दिसू लागले तशी क्लबांची किंमत जगभरातल्या श्रीमंतांच्या नजरेत भरली. २००३ मध्ये रशियाच्या रोमन अब्रामोविचने चेल्सी घेतला. कर्जाची जबाबदारी धरून सौदा सुमारे १४ कोटी पौंडांचा होता. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रिटनने त्याच्यावर निर्बंध लादले आणि त्याला क्लब विकावा लागला. टॉड बोएली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटाने त्यासाठी अडीच अब्ज पौंड मोजले.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक कोडं सुटतं. फुटबॉल क्लब वर्षानुवर्षं तोट्यात चालतात, तरी श्रीमंत माणसं ते का घेतात? क्लबाला पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो: तिकिटं आणि मैदानावरची विक्री, टीव्ही हक्क, आणि प्रायोजक व जर्सीसारखा व्यापारी धंदा. यातला फार मोठा भाग खेळाडूंच्या पगारात जातो. चालू हिशेबात हाती काही राहत नाही. पण क्लब ही मालमत्ता म्हणून वाढत राहते. पुण्यात ज्यांनी हिंजवडीत वेळेवर जमीन घेतली त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. अर्थात प्रत्येकाचा हेतू एवढाच नसतो. कोणाला प्रतिष्ठा हवी असते, कोणाला आपल्या ब्रँडचं नाव जगभर न्यायचं असतं, आणि एखाद्या राज्यसत्तेला जगात आपली वेगळी ओळख घडवायची असते.

विकत घ्यायच्या पद्धतीतही फरक असतो, आणि मला तो हेतूपेक्षा महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबाच्याच माथी आलं. सदाशिव पेठेतली चालती खानावळ कोणी कर्ज काढून घ्यावी आणि त्या कर्जाचे हप्ते खानावळीच्याच गल्ल्यातून फेडावेत, असा तो प्रकार. त्याआधी अनेक वर्षं युनायटेडवर कर्ज नव्हतं. पुढे व्याजापोटीच कोट्यवधी पौंड बाहेर गेले. काही चाहत्यांनी २००५ मध्येच वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. २०१० मध्ये स्टेडियममध्ये हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले. क्लब न्यूटन हीथ या मूळ नावाने खेळायचा तेव्हाचे हे रंग, मालकांच्या निषेधासाठी पुन्हा बाहेर काढलेले.

म्हणजे परदेशी मालकांतही दोन टोकं दिसतात. एक क्लबात पैसा ओततो, दुसरा क्लबातून पैसा काढतो. चाहत्यांचा राग दोघांवर असू शकतो, पण दोन्ही राग एकाच जातीचे नाहीत.

राज्यसत्ता जेव्हा मालक होते

२००८ मध्ये अबूधाबीच्या शेख मन्सूर यांच्या अबूधाबी युनायटेड ग्रुपने मँचेस्टर सिटी घेतला. २०११ मध्ये कतार स्पोर्ट्‌स इन्व्हेस्टमेंट्‌सने पॅरिस सेंट-जर्मेन घेतला. २०१७ मध्ये पॅरिसने नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले आणि साऱ्या बाजाराचे भाव बदलले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी, म्हणजे पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड, न्यूकॅसल युनायटेडचा ८० टक्के मालक झाला. सौदा ३०.५ कोटी पौंडांचा होता. या निधीचे अध्यक्ष सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान. तरी सौदी राज्यसत्ता क्लबावर नियंत्रण ठेवणार नाही अशी कायदेशीर बांधिलकीची हमी आपल्याला मिळाली आहे, असं प्रीमियर लीगने जाहीर केलं.

टीका काय होती? २०१८ मध्ये पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली होती. स्त्रियांचे हक्क, देहदंड, टीकाकारांचा तुरुंगवास हे प्रश्न होतेच. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संघटनांनी याला ‘स्पोर्ट्‌सवॉशिंग’ म्हटलं. खेळाच्या आनंदाशी आपलं नाव जोडून राज्यसत्तेने आपली मलिन प्रतिमा उजळून घेणं, असा त्याचा अर्थ.

उलट बाजू न्यूकॅसलच्या गल्लीतून पाहायला हवी. आधीचे मालक माइक ॲशली इंग्रजच होते. त्यांच्या चौदा वर्षांत क्लब दोनदा खालच्या श्रेणीत घसरला आणि मालक खर्च करत नाही अशी चाहत्यांची कायमची तक्रार होती. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला. १९५५ नंतरचा त्यांचा हा पहिला मोठा देशांतर्गत करंडक. सत्तर वर्षं वाट पाहिलेल्या आजोबांना ‘हा आनंद घेऊ नका’ असं सांगायचा अधिकार कोणाला आहे? मला तरी नाही, असं मी मानतो. पण त्याच आजोबांना सौदी तुरुंगातल्या माणसाबद्दल बोलायची भीती किंवा लाज वाटू लागली, तर स्पोर्ट्‌सवॉशिंग नेमकं तिथे यशस्वी होतं. काही न्यूकॅसल चाहत्यांनी स्वतःचा गट काढून मालकांविरुद्ध आवाज उठवला. आपल्याच गावात, आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घेत ही माणसं बोलत राहिली याचं मला फार मोल वाटतं.

आखाती देशांबद्दल बोलताना आपण भारतीयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तिथली स्टेडियमं, रस्ते, हॉटेलं बांधणाऱ्या मजुरांत आपल्या देशातली माणसं फार मोठ्या संख्येने आहेत. २०२२ च्या कतार विश्वचषकाआधी या मजुरांच्या उष्म्यातल्या कामाची, थकलेल्या मजुरीची, पासपोर्ट काढून घेतल्याची चर्चा जगभर झाली. युरोपातल्या चाहत्याला तो मानवाधिकाराचा मुद्दा वाटतो. आपल्याकडे तो कोणाच्या तरी भावाचा, मेहुण्याचा मुद्दा आहे.

प्रायोजकाच्या नावाखाली

आता सगळ्यात किचकट भाग. पण तो नीट कळला की बातम्यांमधलं अर्धं कोडं सुटतं.

मालकाने अमाप पैसा ओतून स्पर्धाच संपवू नये, आणि अशा खर्चापायी क्लब बुडू नयेत, म्हणून युरोपच्या यूएफा या महासंघाने २०१० च्या आसपास ‘फायनान्शियल फेअर प्ले’चे नियम आणले. गाभा एवढाच की क्लबाने जेवढं कमवावं, साधारण तेवढंच खर्च करावं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने स्वतःची मर्यादा ठेवली: तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा. आपल्याला लागू असलेली मर्यादा ओलांडली म्हणून २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबांचे गुण कापले गेले.

कमाईइतकाच खर्च करायचा असेल तर श्रीमंत मालक काय करेल? कमाई वाढवेल. प्रायोजकत्व ही कमाई धरली जाते. आणि प्रायोजक कंपनी मालकाच्याच देशाची, मालकाच्याच कुटुंबाच्या किंवा सरकारच्या ताब्यातली असेल तर? एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात जातो आणि कागदावर तो प्रायोजकाकडून आलेला दिसतो. म्हणून नियमांत दोन कल्पना आल्या. पहिली ‘संबंधित पक्ष’: मालकाशी नातं असलेली कंपनी. दुसरी ‘वाजवी बाजारभाव’: तेच प्रायोजकत्व एखाद्या त्रयस्थ कंपनीने कितीला घेतलं असतं? त्यापेक्षा जास्त रक्कम हिशेबात धरायची नाही.

मँचेस्टर सिटीने २०११ मध्ये एतिहाद या अबूधाबीच्या विमान कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. जर्सीवर नाव २००९ पासूनच होतं, आता स्टेडियमलाही एतिहादचं नाव मिळालं. २०२० च्या फेब्रुवारीत यूएफाने सिटीवर युरोपीय स्पर्धांत खेळायला दोन वर्षांची बंदी घातली. प्रायोजकांकडून आलेला म्हणून दाखवलेला पैसा प्रत्यक्षात मालकाकडून आला, असा आरोप होता. त्याच वर्षी जुलैमध्ये क्रीडा लवादाने बंदी उठवली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही मुदतबाह्य ठरले. तीन कोटी युरोंचा दंड एक कोटीवर आला, आणि तो चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल राहिला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने सिटीवर नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. माध्यमांत ११५ हा आकडा रूढ झाला. क्लबाने ते सगळे नाकारले. सुनावणी २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे भान सिटीच्या विरोधकांनीही ठेवायला हवं.

एव्हर्टनची गोष्ट तर विद्यार्थ्यांना शिकवावी अशी आहे. तेव्हाचे मालक फरहाद मोशिरी. त्यांचे जुने व्यावसायिक सहकारी रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव. उस्मानोव यांच्या कंपन्यांची प्रायोजकत्वं एव्हर्टनकडे होती, आणि न बांधलेल्या नव्या स्टेडियमला नाव देण्याचा नुसता पहिला हक्क मिळावा म्हणून त्यांच्या यूएसएम कंपनीने ३ कोटी पौंड दिले होते. २०२२ मध्ये उस्मानोववर निर्बंध आले, करार थांबले आणि एव्हर्टनच्या हिशेबाला मोठं भगदाड पडलं. एकाच माणसाच्या वर्तुळातून येणाऱ्या पैशावर उभा राहिलेला क्लब त्या माणसाबरोबर कोसळू शकतो.

सगळे प्रायोजक मालकाशी जोडलेले असतात असं नाही. जर्मनीच्या शाल्के क्लबाच्या जर्सीवर वर्षानुवर्षं रशियाच्या गाझप्रोमचं नाव होतं. युद्ध सुरू होताच फेब्रुवारी २०२२ मध्ये ते काढलं गेलं. बायर्न म्युनिकच्या सभासदांनी २०२१ च्या वार्षिक सभेत कतार एअरवेजच्या करारावरून इतका गदारोळ केला की सभा आवरती घ्यावी लागली. २०२३ मध्ये तो करार पुढे वाढवला गेला नाही. बार्सिलोनाने तर २००६ पर्यंत जर्सीवर पैसे घेऊन कोणाचं नाव लावलं नव्हतं. तेव्हाही युनिसेफचं नाव लावलं ते उलट युनिसेफलाच पैसे देऊन. चार-पाच वर्षांत मात्र तिथे कतार फाउंडेशन आलं, त्यामागोमाग कतार एअरवेज. जुगाराच्या कंपन्या हा वेगळाच आजार. प्रीमियर लीगच्या क्लबांनी जर्सीच्या पुढच्या भागावरची त्यांची नावं २०२६-२७ च्या हंगामापासून काढायचं एप्रिल २०२३ मध्ये मान्य केलं. बाहीवर ती चालतील. म्हणजे अर्धंच काम झालं.

सभासदांचे क्लब

बायर्नचे सभासद क्लबाच्या कारभाऱ्यांना जाब विचारू शकले, कारण क्लबाची बहुतांश मालकी त्यांचीच आहे. जर्मनीत ‘पन्नास अधिक एक’ असा नियम आहे. १९९८ पासून क्लबांना कंपनी काढायची मुभा मिळाली, पण मताधिकाराचा बहुमताचा हिस्सा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिला पाहिजे. गुंतवणूकदार पैसा घालू शकतो, सत्ता घेऊ शकत नाही. लेव्हरकुसेनमागे बायर ही औषध कंपनी, वोल्फ्सबुर्गमागे फोक्सवॅगन हे जुने अपवाद. रेड बुल या पेयकंपनीच्या लाइपझिगने तर मतदानाचा हक्क असलेले सभासद मोजकेच ठेवून नियमाचा आत्मा मारला, असं जर्मन चाहते उघड म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला लीगने टीव्ही हक्कांच्या कमाईतला वाटा गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने अडवले. फेब्रुवारीत लीगने बेत सोडून दिला.

हे दुरून आदर्श वाटतं, पण पूर्ण चित्र तसं नाही. बायर्नने २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा विजेतेपदं मिळवली. सभासदांची मालकी असली म्हणून स्पर्धा चुरशीची होतेच असं नाही. बोरुसिया डॉर्टमुंड २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता, तोही याच नियमाखाली.

मराठी वाचकाला ही सभासदांची मालकी परकी वाटायला नको. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे आहेत. संघ पेठेचा असतो, वर्गणी आणि देणग्या पेठेच्या, आणि शाहू स्टेडियमवरचा पराभव दुसऱ्या दिवशी पेठेतच ऐकून घ्यावा लागतो. तिथेही बाहेरचे खेळाडू येतात, परदेशीसुद्धा. देणगीदार आणि पुढारीही असतात. पण पाटाकडीलचा संघ कोणी उचलून सोलापूरला नेईल, ही कल्पनाच कोल्हापुरात कोणी करणार नाही.

एकाच वर्षी विकले गेलेले दोन क्लब

२०१० मध्ये इंग्लंडमधले दोन मध्यम आकाराचे क्लब आशियाई कुटुंबांकडे गेले. लेस्टर सिटी थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांच्या किंग पॉवर समूहाकडे, ब्लॅकबर्न व्यंकीजकडे. लेस्टर तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, ब्लॅकबर्न वरच्या. २०१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता झाला. फुटबॉलमध्ये याहून अनपेक्षित विजेतेपद क्वचितच झालं असेल. २०१७ मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत घसरला. विचाई २०१८ मध्ये स्टेडियमजवळच हेलिकॉप्टर अपघातात गेले तेव्हा सारं लेस्टर रडलं. परदेशी मालक म्हणून राग असता तर हे झालं नसतं.

ब्लॅकबर्नमध्ये काय बिघडलं? खरेदीनंतर महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढलं आणि स्टीव्ह कीन यांना नेमलं. प्रीमियर लीगमध्ये मुख्य व्यवस्थापक म्हणून त्यांचा हा पहिलाच अनुभव होता. जुने जाणते अधिकारी एकेक करून गेले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ तळाशी झगडत असताना त्याला पुण्यात आणून बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध प्रदर्शनी सामना खेळवला गेला. इथे तो सोहळा होता, तिथे संतापाचं कारण. ७ मे २०१२ रोजी ईवूड पार्क या घरच्या मैदानावर विगनविरुद्धचा सामना हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात कोणीतरी क्लबाच्या रंगाचं कापड गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. ते छायाचित्र जगभर फिरलं. पुणेकर म्हणून मला ते पाहताना वाईट वाटलं, कोंबडीच्या चेष्टेमुळे नव्हे. आपल्या शहरातल्या एका मोठ्या, कष्टाने उभ्या केलेल्या उद्योगाला आणि एका गावाच्या सव्वाशेहून जास्त वर्षांच्या क्लबाला एकमेकांची भाषाच कळली नाही, याचं ते चित्र होतं.

पण गोष्ट इथेच सोडली तर मालकांवर अन्याय होईल. व्यंकीजच्या मालक देसाई-राव कुटुंबाने क्लब टाकून दिला नाही. पंधरा वर्षांत त्यांनी त्यात २० कोटी पौंडांहून जास्त पैसा घातला आहे. दुसऱ्या श्रेणीतला क्लब मालकाच्या पैशाशिवाय महिना-दोन महिने चालणंही कठीण असतं. आता यातली अडचण बघा. भारतातून परदेशात पैसा पाठवण्याच्या नियमांवरून सक्तवसुली संचालनालयाची चौकशी सुरू झाली आणि ब्लॅकबर्नला निधी पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. न्यायालयाने हमी घेऊन रकमा सोडल्या. त्याच काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि क्लबाच्याच अकादमीत घडलेला ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. चार महिन्यांनी तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात होता. दिल्लीतल्या एका तारखेवर लँकाशायरमधल्या क्लबाचा महिन्याचा खर्च अवलंबून, ही परदेशी मालकीची सर्वांत कमी बोलली जाणारी जोखीम आहे. मालक चांगला की वाईट, याच्याशी तिचा काही संबंध नाही. पैशाचा उगम ज्या देशात, त्या देशाचे कायदे, युद्धं, निर्बंध आणि चलनाचे भाव हे सगळं क्लबाच्या ताळेबंदात येऊन बसतं.

आणि आपलं पुणं

इथे मालक देशी होते. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी काढला. संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, उपविजेता झाला, त्याची अकादमी देशात नावाजलेली होती. २०१५ मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी चालवली, आय-लीगपर्यंत मजल मारली आणि २०१७ मध्ये तोही दिसेनासा झाला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी वाधवान समूहाचा. हृतिक रोशन सहमालक, सुरुवातीला इटलीच्या फिओरेंटिनाशी भागीदारी, पहिल्या हंगामात डेव्हिड ट्रेझेगे. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत नारंगी जर्सी घातलेली पोरं गात होती. २०१९ मध्ये वाधवान समूह अडचणीत आला आणि लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. तोच क्लब २०२५ मध्ये हैदराबादहून दिल्लीला हलला.

हे शक्य होतं कारण आपल्याकडचा क्लब मुळात लीगने दिलेली फ्रँचायझी, म्हणजे संघ चालवायचा परवाना आहे. तिकिटं काढणाऱ्यांचा, ढोल वाजवणाऱ्यांचा, अकादमीतल्या मुलांचा तिच्यावर कागदोपत्री कुठलाच हक्क नाही. शेजारच्या मुंबईतही हेच दिसलं. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये संघाने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. मग भारतीय महासंघाचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार संपत आला, लीगच अधांतरी झाली आणि २०२५ च्या अखेरीस सिटी ग्रुप बाहेर पडला. क्लब मूळ मालकांकडे परतला, एवढं तरी बरं झालं.

इंग्लंडनेही उशिरा का होईना धडा घेतला. कार्डिफचे मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये क्लबाचा निळा रंग बदलून लाल केला. चाहत्यांच्या संतापानंतर २०१५ मध्ये निळा परत आला. हल सिटीचं नाव ‘हल टायगर्स’ करण्याचा मालकाचा अर्ज २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने फेटाळला. २०१९ मध्ये १८८५ पासूनचा बरी हा क्लब मालकाच्या गैरव्यवस्थापनापायी लीगमधून काढला गेला. तो मालक इंग्रजच होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा बड्या क्लबांनी जाहीर केलेली युरोपियन सुपर लीग चाहते रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत ढासळली. त्यातून २०२५ चा फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालकाचा पैसा कुठून आला हे तपासायचं, बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं मत घ्यायचं, नियामकाच्या मंजुरीशिवाय मैदान विकायचं नाही, बंडखोर लीगमध्ये जायचं नाही, अशा गोष्टी त्यात आहेत.

पुण्यात फुटबॉल आजही आहे. खडकीत, दापोडीत, कॅम्पात, जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये छोटे क्लब वर्षानुवर्षं खेळताहेत. उद्या पुन्हा कोणी उद्योगपती, नट किंवा परदेशी समूह बालेवाडीत संघ घेऊन आला तर त्याचं स्वागतच व्हावं. फक्त पहिल्या पत्रकार परिषदेत जर्सीचा रंग पाहण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. किमान दोन हंगामांचे पगार आणि अकादमीचा खर्च भागेल एवढी बँक हमी. संचालक मंडळावर चाहत्यांचा निवडून आलेला एक माणूस. आणि मालकाने परवाना सोडला तर क्लबाचं नाव व अकादमी पुण्यातल्याच एखाद्या संस्थेकडे जाईल असं कलम. यातलं काहीही त्या चार क्लबांच्या वेळी कोणी मागितलं नव्हतं.